पॉलिपपासून पुन्हा पॉलिपपर्यंत: मून जेलीफिशचं जीवनचक्र टाकीत कसं पूर्ण करायचं

पॉलिप, म्हणजे जेलीफिशची एका जागी चिकटून राहणारी अवस्था, वाढवायला घेतलेल्या लोकांकडून मला वारंवार एकच प्रश्न येतो. "दीड महिना सगळं छान चाललं होतं. आता पॉलिपची शुंडकं गळाली, रंग बदलला, अंगावर आडव्या वळ्या पडल्या. मेले बहुतेक. फेकून देऊ का?" फेकू नका. तो पॉलिप मरत नाहीये, तो जेलीफिश तयार करतोय. पहिल्या खेपेला मीही असेच चाळीसेक पॉलिप "सडले" म्हणून घासून काढले होते. दुसऱ्या दिवशी त्याच भांड्याच्या कडेला एक इवलासा जीव आठ हात आत-बाहेर करत धडधडताना दिसला, तेव्हा काय हातून गेलं ते कळलं. त्याची हळहळ अजून वाटते.

दुसरी चूक याच्या उलट. छोटे जेलीफिश सुटू लागतात, पण त्यांना ठेवायला भांडं तयार नसतं आणि खायला काही उबवलेलं नसतं. मग शेकडो जीव तळाला बसून संपतात. दोन्ही चुकांच्या मागे एकच समजूत आहे: प्रौढ जेलीफिश हा खरा प्राणी आणि पॉलिप हे त्याचं बाळ. व्यवहारात उलटं धरून चाला. पॉलिपची वसाहत वर्षानुवर्षं टिकते, स्वतःच्याच प्रती काढत राहते आणि योग्य वेळ आली की जेलीफिश सोडते. सोडलेला जेलीफिश मात्र काही महिन्यांचा, फार तर वर्ष-दीड वर्षाचा. म्हणून सगळी तयारी पॉलिपभोवती बांधायची, आणि पुढच्या टप्प्याचं भांडं व अन्न मागचा टप्पा संपायच्या आत तयार ठेवायचं.

## आधी जात नक्की करा

खालचे सगळे टप्पे मून जेलीफिशसाठी, म्हणजे ऑरेलिया या गटासाठी आहेत. त्याचं चक्र असं: अंडं, मग पोहणारी प्लॅन्युला अळी, मग चिकटून बसणारा पॉलिप, मग पॉलिपच्या अंगावर चकत्यांची उतरंड, म्हणजे स्ट्रोबिला. त्यातली एकेक चकती सुटून एफिरा होते आणि एफिरा वाढून प्रौढ जेलीफिश, ज्याला मेड्युसा म्हणतात.

हा क्रम सगळ्या जातींना लागू नाही, आणि इथेच अनेकांचं वर्ष वाया जातं. पेलाजिया नॉक्टिल्युका या जातीत पॉलिप होतच नाही, प्लॅन्युलाचा थेट एफिरा होतो. उलटा पडून राहणारा कॅसिओपिया एका वेळी एकच एफिरा सोडतो, आणि त्यासाठी त्याच्या अंगात सहजीवी शैवाल असावं लागतं. पेटीच्या आकाराच्या जेलीफिशमध्ये सहसा अख्खा पॉलिपच बदलून एक जेलीफिश होतो. टुरिटॉप्सिससारख्या हायड्रोझोआ गटातल्या प्राण्यांमध्ये चकत्या पडत नाहीत, वसाहतीच्या अंगावर कळ्या येतात आणि त्यांतून जेलीफिश सुटतात.

पॉलिप देणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: जात कोणती, आणि आजवर किती तापमानात ठेवले होते. ऑरेलिया या एका नावाखाली एकसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती आहेत. काही थंड पाण्यातल्या, काही उष्ण कटिबंधातल्या. तापमानाचा इतिहास माहीत नसेल तर टप्पा ३ अंदाजाने करावा लागतो.

इशारा: पेटीच्या आकाराच्या जेलीफिशचे पॉलिप घरी आणू नका. त्या गटातल्या काही जातींचा डंख माणसाचा जीव घेतो. मून जेलीफिशचा डंख सौम्य असतो, तरी पाण्यात हात घातल्यावर तो धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका.

## तयारी: पॉलिप आणण्याच्या किमान दोन आठवडे आधी

पाणी. नळाचं पाणी थेट वापरू नका. क्लोरिन, क्लोरामीन आणि पाइपातून येणारं तांबं, तिन्ही घातक. आरओचं किंवा ऊर्ध्वपातित पाणी घ्या आणि त्यात मत्स्यटाकीसाठी मिळणारं समुद्री मीठ हळूहळू घाला. मिठावर पाणी ओतू नका, गुठळ्या होतात आणि काही क्षार पुन्हा विरघळत नाहीत. स्वयंपाकाचं मीठ इथे चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट असं बरंच काही लागतं. हवेचा पंप लावून मिश्रण एक दिवस फिरत ठेवा. विशिष्ट घनता १.०२३ ते १.०२५ यांच्यामध्ये आणा. हायड्रोमीटरपेक्षा रिफ्रॅक्टोमीटरवर माझा जास्त भरवसा आहे, मात्र शुद्ध पाण्याचा थेंब टाकून तो अधूनमधून शून्यावर लावून घ्यावा लागतो.

अन्न. सगळ्या टप्प्यांचा आधार एकच: आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जिवाची, नुकती उबलेली पिल्लं. ती उबवायला हात बसेपर्यंत पॉलिप आणू नका, हे मी आग्रहाने सांगतो. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ, साधारण एक ग्रॅम आर्टेमियाची सुप्त अंडी, २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमान, वरून दिवा आणि खालून जोरदार हवा. (या भांड्यात साधं, आयोडिनविरहित मीठ चालतं, कारण पिल्लं धुऊनच वापरायची असतात.) अंडी उबायला १८ ते ३० तास लागतात.

उबल्यावर हवा बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात, न उबलेली अंडी तळाला बसतात. पिल्लं नारिंगी ढगासारखी उजेडाकडे गोळा होतात. भांड्याच्या एका बाजूला खाली दिवा लावून तो ढग बारीक नळीने ओढून घ्या, दाट कापडाच्या गाळणीवर धरा आणि स्वच्छ समुद्री पाण्याने धुवा. टरफलं सोबत गेली तर ती पॉलिपच्या तोंडाशी अडकतात, एफिराच्या पोटात जातात आणि पचत नाहीत.

तपासणी: भिंगातून पाहा. एका थेंबात हलणारी नारिंगी पिल्लं आणि तपकिरी टरफलं यांचं प्रमाण काय आहे? टरफलं सहज नजरेत भरत असतील तर पुन्हा गाळा. पिल्लं उबल्यापासून काही तासांतच वापरा. त्यांच्या अंगातला बलक हेच खरं पोषण, आणि तो तासातासाला कमी होतो.

भांडी. पॉलिपसाठी रुंद तोंडाचे दोन काचेचे वाडगे लागतील. एक नाही, दोन. एफिरासाठी दोन-तीन लिटरचं गोल बुडाचं भांडं आणि प्रौढांसाठी कोपरे नसलेली, पाणी गोल फिरवणारी टाकी. शिवाय रुंद तोंडाचं ड्रॉपर, भिंग, थर्मामीटर, अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचं किट आणि एक वही. साबण कुठल्याही भांड्याला लावू नका. पंपाच्या आणि दिव्याच्या वायरींना सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे खारं पाणी वायरीवरून ओघळत सॉकेटपर्यंत जाणार नाही.

## टप्पा १: पॉलिप आणणं आणि स्थिरावणं

पॉलिप बहुधा शिंपल्यावर, काचेवर किंवा प्लास्टिकच्या तुकड्यावर चिकटलेले येतात. उंची एक ते तीन मिलिमीटर, रंग दुधी, वरच्या टोकाला तोंड आणि भोवती शुंडकांचं कडं. पूर्ण वाढलेल्या पॉलिपला साधारण १६ शुंडकं असतात.

पिशवी आधी भांड्यात तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग दर दहा मिनिटांनी तुमचं थोडं पाणी पिशवीत घाला. तासाभरानंतर तुकडा काढून वाडग्यात ठेवा, पिशवीतलं पाणी वाडग्यात ओतू नका. तुकडा असा ठेवा की पॉलिप खाली डोकं करून लटकतील. निसर्गातही ते खडकांच्या आणि धक्क्यांच्या खालच्या अंगालाच वाढतात, कारण तिथे गाळ साचत नाही.

पहिल्या दिवशी शुंडकं आखडून पॉलिप ठिपक्यासारखे दिसतील. हे नेहमीचं आहे. दोन दिवसांत उघडतात.

इशारा: आलेला तुकडा भिंगाखाली नीट तपासा. फांद्या फुटलेल्या झुडपासारखं काही दिसलं तर ते हायड्रॉइड, म्हणजे जेलीफिशच्याच नात्यातले वसाहतीने वाढणारे प्राणी, असण्याची शक्यता मोठी, आणि ते पॉलिपची जागा गिळतात. लहानशी गोगलगाय वाटावी असा मऊ, टरफल नसलेला जीव दिसला तर तो समुद्री गोगलगायींपैकी, म्हणजे न्यूडिब्रँक असू शकतो. त्यांतल्या काही जाती पॉलिपच खातात. दोघांनाही चिमट्याने लगेच काढा.

## टप्पा २: पॉलिपची वसाहत वाढवणं

आठवड्यातून दोन-तीनदा खायला द्या. ड्रॉपरने पिल्लांचा थेंब पॉलिपच्या जवळ सोडा, अंगावर फवारा मारू नका. एखादा पॉलिप भिंगाखाली धरून हे एकदा तरी पाहाच: पिल्लू शुंडकाला लागतं, क्षणात लुळं पडतं, शुंडक हळूच तोंडाकडे वळतं आणि काही मिनिटांत दुधी पेल्याच्या तळाशी नारिंगी ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे जेवण झाल्याची पावती. पोट नारिंगी दिसलं नाही तर खाल्लं नाही, मग तुम्ही कितीही घातलेलं असो.

दोन ते चार तासांनी उरलेली पिल्लं आणि पाणी काढून तितकंच, त्याच तापमानाचं ताजं पाणी घाला. इथे आळस केला की पाणी एका रात्रीत नासतं. पॉलिप भुकेने सहसा मरत नाहीत, घाण पाण्याने मरतात. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने आजूबाजूचं शेवाळ झाडा.

नीट खाणारा पॉलिप अंगातून कळ्या काढतो, काही जमिनीलगत धुमारे सोडतात आणि त्यांच्या टोकाला नवा पॉलिप उभा राहतो. काही जाती बुडाखाली कडक कवचाची सुप्त गाठही ठेवतात. नर-मादीचा संबंध नसताना एका पॉलिपचे काही महिन्यांत डझनावारी होतात. पण हे सगळे एकमेकांच्या हुबेहूब प्रती, म्हणून सगळे एकाच लिंगाचे. टप्पा ७ साठी नर आणि मादी दोन्ही हवे असतील तर वेगवेगळ्या मूळ पॉलिपपासून वाढवलेल्या किमान दोन-तीन वसाहती हव्यात, प्रत्येकीवर चिठ्ठी. वर्षभर राबल्यानंतर टाकीत नुसते नरच आहेत हे कळणं फार जिवाला लागतं.

वसाहत दाट झाली की काही पॉलिप दुसऱ्या वाडग्यात हलवा. हा राखीव वाडगा पुढच्या टप्प्यात गार करायचा नाही. तो विमा आहे.

टप्पा ३ ला जाण्याआधी तपासणी: बहुतेक पॉलिपना पूर्ण शुंडकं आहेत का? देह भरीव आहे का? निदान दीड-दोन महिने नियमित खाल्लं आहे का? उपाशी, बारीक पॉलिप गार केले तर चकत्या दोन-चारच पडतात किंवा पडतच नाहीत.

## टप्पा ३: गारवा देणं

पॉलिपला जेलीफिश सोडायला लावण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे तापमान उतरवणं. थंडी किती दिवस टिकली याचा हिशेब पॉलिप शरीरात ठेवतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की थंडीत सीएल३९० नावाच्या एका जनुकाचं काम दिवसागणिक वाढत जातं आणि ते पुरेसं वाढल्यावरच रूपांतर सुरू होतं. म्हणून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवून काही होत नाही. दिवस भरावे लागतात.

क्रम असा ठेवा:

१. पॉलिप १८ ते २० अंशांवर असतील तर दिवसाला एक-दोन अंश याप्रमाणे १० ते १२ अंशांपर्यंत उतरवा. एकदम उतरवू नका.

२. त्या तापमानात स्थिर ठेवा. प्रयोगशाळेत १८ वरून १० अंशांवर आणलेल्या पॉलिपमध्ये साधारण तीन आठवड्यांत बदल सुरू होतो. तुमच्याकडे सहा आठवडेही लागू शकतात.

३. खाणं थांबवू नका. थंडीत पचन मंदावतं, म्हणून आठवड्यातून एकदा, थोडं. पाणी बदलताना नवं पाणीही तितकंच गार हवं. गार वाडग्यात खोलीच्या तापमानाचं पाणी ओतणं ही या टप्प्यातली सर्वांत नेहमीची चूक. त्याने पंधरा दिवसांच्या गारव्यात खंड पडतो.

४. रोज तापमान आणि तारीख वहीत लिहा.

उष्ण कटिबंधातल्या काही जातींना हा गारवा लागत नाही, त्या थोड्या तापमानबदलाने किंवा आपसूक चकत्या पाडतात. पाण्यात आयोडिनचा अंश मात्र हवा, चांगल्या समुद्री मिठात तो असतो.

रसायनांबद्दल विचारणा होते म्हणून सांगतो. काही इंडोल संयुगांनी पॉलिप गारव्याशिवाय आणि खूप लवकर चकत्या पाडतात, प्रयोगशाळेत ते वापरतात. घरी नका वापरू. मात्रा चुकली की पॉलिप मरतात, आणि बरोबर आली तरी सगळी वसाहत एकदम फुटते. इतक्या एफिरांना खायला घालणं एकट्या माणसाला झेपत नाही.

इशारा: पहिल्या खेपेला वीस-पंचवीसपेक्षा जास्त पॉलिप गार करू नका. एकेक पॉलिप दहा-बारा एफिरा सहज सोडतो. हिशेब तुम्हीच करा.

## टप्पा ४: स्ट्रोबिला ओळखणं

इथे घाई करू नका. भिंग घ्या आणि रोज त्याच चार-पाच पॉलिपकडे पाहा.

आधी देह लांबतो. मग वरच्या टोकाजवळ, शुंडकांच्या खाली, दोरा करकचून बांधल्यासारखी एक आडवी खाच दिसते. दोन-तीन दिवसांत तिच्या खाली दुसरी, मग तिसरी. दुधी रंग जाऊन फिकट नारिंगी-तपकिरी छटा येते. शुंडकं आखडतात आणि नाहीशी होतात. हाच तो क्षण, जेव्हा लोक पॉलिप फेकतात. पुढे प्रत्येक चकतीची कड आठ पाकळ्यांत फुटते आणि सगळं एकावर एक रचलेल्या बश्यांच्या चवडीसारखं दिसू लागतं. शेवटी सर्वांत वरची चकती थरथरू लागते. आधी मधूनच एखादा झटका, मग सलग ठोके. ती एका बारीक देठावर लटकून ठोके देत राहते आणि देठ तुटला की निघून जाते. पहिली खाच ते पहिला एफिरा यात एक ते तीन आठवडे जातात, गारवा जितका जास्त तितका वेळ जास्त.

मेलेला पॉलिप कसा ओळखायचा? तो लांबत नाही, विरघळतो. कडा पुसट होतात, भोवती पांढरी बुरशीसारखी लव येते, स्पर्श केला तर लगदा होतो. स्ट्रोबिलाला ड्रॉपरने पाण्याचा हलका झोत दिला तर तो आखडतो. शंका असेल तर काहीही करू नका, तीन दिवस थांबा.

खाचा दिसल्या त्याच दिवशी एफिराचं भांडं भरून चालू करा आणि आर्टेमियाची रोजची उबवणी सुरू करा. स्ट्रोबिला अवस्थेत पॉलिप खात नाही, त्या वाडग्यात अन्न टाकू नका.

शेवटचा एफिरा सुटल्यावर खाली एक बुटका खुंट उरतो आणि त्याला पुन्हा शुंडकं फुटतात. तो तोच पॉलिप. हळूहळू मूळ तापमानावर आणून त्याला पुन्हा खायला घाला, काही महिन्यांनी तो परत तयार होतो.

## टप्पा ५: एफिरा उचलणं आणि वाढवणं

सगळ्यात जास्त जीव इथे जातात, म्हणून हा टप्पा सविस्तर.

उचलणं. एफिरा सुमारे तीन मिलिमीटरचा, आठ हातांच्या चांदणीसारखा, प्रत्येक हाताचं टोक दुभंगलेलं. जाळी वापरू नका आणि पाण्याबाहेर काढू नका. ड्रॉपरचं टोक कापून तोंड किमान पाच-सहा मिलिमीटर रुंद करा, एफिराला पाण्यासकट हळू ओढा आणि नव्या भांड्यात पाण्याखाली सोडा. आठऐवजी सहा, सात किंवा नऊ हातांचे एफिराही दिसतील, ते नीट जगतात. एखादा हात तुटला तरी टाकून देऊ नका. एफिरा तुटलेला हात उगवत नाही, तर उरलेले हात काही दिवसांत समान अंतरावर सरकवून घेतो आणि पुन्हा तोल सांभाळून पोहू लागतो. हे २०१५ साली संशोधनातून स्पष्ट झालं, आणि टाकीत डोळ्यांनी पाहता येतं.

तापमान. गार वाडग्यातून थेट गरम पाण्यात नको. आधी त्याच तापमानाच्या पाण्यात, मग दिवसाला एक-दोन अंश वाढवत १८ ते २० अंशांपर्यंत.

प्रवाह. एफिरा तळाला पडून राहिला तर खाऊ शकत नाही. गोल बुडाच्या भांड्यात कडेने एक कडक नळी सोडा, टोकाला हवेचा दगड (बारीक बुडबुडे काढणारा सच्छिद्र तुकडा) न लावता, आणि सेकंदाला एक-दोन मोठे बुडबुडे येतील इतकीच हवा द्या. पाणी संथ वर्तुळात फिरू लागेल. बारीक बुडबुडे सर्वांत घातक: ते हातांमध्ये अडकतात, एफिरा पृष्ठभागावर चिकटतो आणि ऊतक फाटतं.

संख्या. लिटरला वीस-पंचवीसपेक्षा जास्त नको. जास्तीचे दुसऱ्या भांड्यात.

खाणं. सुटल्यानंतर पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून, दिवसातून दोनदा. पिल्लू हाताच्या टोकाला चिकटतं, तो एक हात आत दुमडून मधल्या तोंडाशी नेला जातो आणि बाकीचे सात ठोके देत राहतात. अर्ध्या तासाने पाहा: मध्ये नारिंगी ठिपका असलेले एफिरा जेवलेले. निम्म्याहून जास्त पोटं रिकामी असतील तर अन्न वाढवण्याआधी प्रवाह तपासा. बहुधा पिल्लं एका कोपऱ्यात उजेडाकडे गोळा झालेली असतात आणि एफिरा दुसरीकडे फिरत असतात. खाण्याच्या वेळी दिवा मालवला की पिल्लं भांडंभर पसरतात.

पाणी. रोज शेवटच्या खाण्यानंतर दोन-तीन तासांनी तळाचा कचरा ओढून घ्या आणि चौथा हिस्सा पाणी बदला. अमोनिया शून्य हवा.

तपासणी, रोज एक मिनिट: ठोके नियमित आहेत का? हात सपाट पसरतात का, की सतत वर वळलेले राहतात? आकार वाढतोय का? उपाशी एफिरा लगेच मरत नाही, तो आखडत जातो. आठवड्यात आकार वाढला नसेल तर कुठेतरी चुकतंय, मग भले सगळे पोहत असोत.

तीन-चार आठवड्यांत हातांमधल्या मोकळ्या जागा पडद्याने भरत येतात आणि चांदणीची चकती होते. लहान असताना त्या मोकळ्या जागा अडचणीच्या नसतात. इतक्या लहान आकाराला पाणी इतकं दाट भासतं की हातांमधलं पाणी हातांसोबतच ढकललं जातं. मोठं झाल्यावर ते जमत नाही, म्हणून पडदा लागतो.

## टप्पा ६: गोल प्रवाहाच्या टाकीत

छत्री, म्हणजे जेलीफिशचा गोल, घुमटासारखा देह, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची झाली की हलवा. या टाकीला क्रायझेल म्हणतात. पाणी वर्तुळात फिरतं आणि प्राणी कुठेही आपटत नाही. प्रवाहाचं माप डोळ्यांनी ठरवा: जेलीफिश तळाला टेकून राहत असेल तर कमी, पाण्यासोबत गरगर ओढला जात असेल तर जास्त. पाणी बाहेर जाण्याच्या तोंडावर रुंद जाळी हवी, नाहीतर छत्री तिथे ओढली जाऊन फाटते. हीटर उघडा नको, वाळू-खडक नको, मासे नकोत. उलटी वळलेली छत्री दिसली तर आधी प्रवाह, मग तापमान, मग खाणं, या क्रमाने तपासा. उपाशी जेलीफिश आकाराने लहान होत जातो. नीट खाऊ लागला की पुन्हा वाढतो.

## टप्पा ७: प्लॅन्युला गोळा करून नवे पॉलिप बसवणं

काही महिन्यांनी छत्रीच्या मध्यावर चार नालाच्या आकाराच्या खुणा ठळक होतात. त्या जननग्रंथी, नर-मादी दोघांतही. नर पाण्यात शुक्राणूंचे धागे सोडतो, मादी ते आत घेते आणि फलित अंडी तोंडालगतच्या लोंबत्या बाहूंवरच्या कप्प्यांत वाढवते. बाहूंच्या कडेला फिकट रवाळ गुठळ्या दिसल्या की ती मादी, आणि प्लॅन्युला तयार होत आहेत.

मादीला काही तास स्वच्छ पाण्याच्या वेगळ्या भांड्यात ठेवा, मग परत टाकीत. तळाशी हलणारे धुळीसारखे कण उरतील, लांबी ०.२ ते ०.३ मिलिमीटर. भिंगाखाली लांबट आकार स्वतःभोवती फिरत सरळ पुढे जाताना दिसला की प्लॅन्युला नक्की. ती खात नाही, अन्न घालू नका.

बसायला जागा आधीच मुरवलेली हवी. प्लास्टिकच्या पेट्री बश्या आठवडाभर आधी टाकीच्या पाण्यात ठेवा, म्हणजे त्यांवर जिवाणूंचा पातळ थर धरेल. कोऱ्या, घासून लख्ख केलेल्या बशीवर प्लॅन्युला फारशा बसत नाहीत. या बश्या पाण्यावर तरंगत्या सोडा. अळ्या खालच्या अंगाला बसतात. हवा, प्रवाह, फिल्टर सगळं बंद, उजेड मंद. तीन ते दहा दिवस हात लावू नका.

बसलेल्या अळीला आधी चार शुंडकं येतात, मग आठ, शेवटी सोळा. चार शुंडकांचा पॉलिप अख्खं आर्टेमिया पिल्लू पेलू शकत नाही. त्याला रोटिफर, म्हणजे आर्टेमियाच्या पिल्लाहूनही बारीक जलजीव, द्या, किंवा पिल्लं दोन काचपट्ट्यांमध्ये चिरडून तो रस ड्रॉपरने जवळ सोडा, आणि तासाभरात पाणी बदला. चिरडलेलं अन्न फार लवकर नासतं.

प्रत्येक बशीवर मादी कुठल्या वसाहतीतली, टाकीत नर कुठल्या वसाहतीतले आणि तारीख लिहा. हे पॉलिप आईच्या प्रती नाहीत, म्हणून जुन्या वाडग्यांत मिसळू नका.

## सांडपाणी

वसाहतीचं कुठलंही पाणी समुद्रात, खाडीत किंवा थेट गटारात सोडू नका. डोळ्याला न दिसणारी एक प्लॅन्युला किंवा एक सुटी कळी परक्या किनाऱ्यावर नवी वसाहत उभी करू शकते. वेगळी बादली ठेवा, त्यात घरगुती ब्लीच घालून पाणी रात्रभर ठेवा आणि मग ओता. ती बादली, तो ब्रश आणि ते ड्रॉपर टाकीच्या कामाला पुन्हा वापरू नका. त्यांवर लाल चिकटपट्टी लावून त्यांची जागा वेगळ्या फळीवर करा.